यानिसला विकायचं का? आधी ड्राफ्टचे पिक कुणाच्या नावावर आहेत ते बघा

मूळ प्रश्न (२०२५ च्या उन्हाळ्यातला) थोडक्यात असा: एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधली मिलवॉकी बक्स ही टीम सलग तीन वर्षं प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत गारद झाली. २०२३ ला मायामीने घरी पाठवलं, २०२४ आणि २०२५ ला इंडियानाने. दुसऱ्या नंबरचा स्टार डेमियन लिलार्डला टीमने सोडलं, मुख्य स्टार यानिस अँटेटोकूम्पो तिशीचा झाला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये सीझन सुरू व्हायच्या आत यानिसला ट्रेड करून (दुसऱ्या टीमला देऊन, बदल्यात खेळाडू आणि पिक घेऊन) नव्याने टीम का बांधू नये? त्यावर इथे दोन तट पडलेत. एक म्हणतो, ५० वर्षांनी ट्रॉफी आणून देणाऱ्याला विकायला निघालात, लाज नाही वाटत? दुसरा म्हणतो, भावना घरी ठेवा, हा धंदा आहे.

धंदा आहे ना, मग हिशेब तरी नीट करू.

एनबीएमध्ये हरणाऱ्या टीमला खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत. उलट जितकं हराल तितकी ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडताना, वरचा नंबर मिळण्याची शक्यता वाढते. 'नव्याने बांधणी' म्हणजे दुसरं काय? स्टार विकायचा, दोन-तीन वर्षं मार खायचा, वरच्या नंबरांवर दोन-तीन चांगली पोरं उचलायची. पण त्यासाठी आपले पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवड करण्याचे हक्क, आपल्याच हातात असावे लागतात. मिलवॉकीचे नाहीत.

नोव्हेंबर २०२० मध्ये ड्रू हॉलिडेसाठी त्यांनी न्यू ऑर्लिन्सला पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दोन स्वॅप दिले. स्वॅप म्हणजे दोघांच्या पिकमधला वरचा त्यांनी घ्यायचा, खालचा आपल्याला. त्यातला २०२५ चा पिक हातोहात फिरत ब्रुकलिनकडे पोचला आणि जून २०२५ मध्ये त्यांनी १९ व्या नंबरावर नोलान त्राओरे हा फ्रेंच पॉइंट गार्ड घेतला. २०२६ चा स्वॅप आणि २०२७ चा पिक २०२५ च्या उन्हाळ्यात अजून देणं होतं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये लिलार्डसाठी पोर्टलँडला २०२९ चा पिक आणि २०२८, २०३० चे स्वॅप गेले. म्हणजे २०३० पर्यंत मिलवॉकीकडे स्वतःचा असा एकही मोकळा पिक नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि घाम आपण गाळायचा, अशी गत. यानिसला विकून टीम १८ मॅच जिंकणारी झाली, तर त्याचा फायदा मिलवॉकीला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी.

आणि मी हॉलिडेच्या ट्रेडला नावं ठेवत नाही. त्याच्याशिवाय २०२१ ची ट्रॉफी नव्हती. फिनिक्सविरुद्ध फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये यानिसचे ५० पॉइंट सगळ्यांना आठवतात, मला मात्र त्यातले फ्री थ्रो आठवतात: १९ पैकी १७. आदल्या फेऱ्यांमध्ये प्रतिस्पर्धी प्रेक्षक त्याच्या प्रत्येक फ्री थ्रोला मोठमोठ्याने आकडे मोजून त्याची टर उडवत होते, हे लक्षात घेतलं तर त्याची किंमत कळते. ट्रॉफीसाठी पिक गेले, ते वसूल झाले. मला पटत नाही तो लिलार्डचा सौदा. त्यात हॉलिडेही गेला. पोर्टलँडने त्याला लगेच बॉस्टनला दिलं आणि तो तिथे २०२४ ची ट्रॉफी जिंकला. पुढचा भाग तर कुणी गोष्टीत लिहिला असता तर आपण खोटं म्हटलं असतं. एप्रिल २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध चौथ्या मॅचला लिलार्डच्या टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली. मायल्स टर्नर या खेळाडूला घेण्यासाठी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जागा हवी म्हणून जुलैमध्ये मिलवॉकीने त्याला सोडून दिलं आणि त्याचे उरलेले सुमारे ११३ मिलियन डॉलर पाच वर्षांत वाटून टाकले. म्हणजे वर्षाला २२ मिलियनच्या वर, न खेळणाऱ्या माणसासाठी. तो गेला कुठे? परत पोर्टलँडला. बॉस्टननेही हॉलिडेला २०२५ च्याच उन्हाळ्यात पोर्टलँडलाच पाठवलं. दोघेही तिथे पोचले, आणि मिलवॉकीचा २०२९ चा पिकही तिथेच.

"पण ओक्लाहोमाने पॉल जॉर्ज विकूनच टीम उभी केली ना?" असं वर एकाने लिहिलंय. बरोबर आहे, उदाहरण चांगलं आहे. फक्त पूर्ण बघा. २०१७ मध्ये इंडियानाने पॉल जॉर्ज ओक्लाहोमाला दिला आणि ओलाडिपो, सबोनिस घेतले. २०१९ मध्ये ओक्लाहोमाने तोच पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला, बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी आणि पिकची रास. २०२२ मध्ये इंडियानाने सबोनिस सॅक्रामेंटोला देऊन हॅलिबर्टन आणला. आणि २०२५ च्या फायनलला समोरासमोर कोण? ओक्लाहोमा आणि इंडियाना. एकाच माणसाच्या दोन ट्रेडमधून उगवलेल्या दोन टीम!

(जाता जाता: ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या पहिल्यावहिल्या मॅच झाल्या त्या सबोनिसच्या ट्रेडमधल्या दोन टीमच्या, इंडियाना आणि सॅक्रामेंटो. तेव्हा सबोनिस इंडियानाच्या जर्सीत होता, बडी हिल्ड सॅक्रामेंटोच्या. २०२२ च्या त्या ट्रेडमध्ये दोघांची अदलाबदल झाली. आणि तो करणाऱ्या सॅक्रामेंटोचे मालक आपल्या मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. त्यांच्यावर त्यासाठी फार टीका होते. पण २०२३ मध्ये सॅक्रामेंटोने प्लेऑफचा १६ सीझनांचा दुष्काळ संपवला तो सबोनिसला घेऊनच, हेही लक्षात ठेवा.)

या साखळीत पिक मोजत बसू नका. जेलन विल्यम्स क्लिपर्सच्या पिकमधून आला हे मान्य, पण दोन्ही टीम उभ्या राहिल्या त्या विशीतल्या एकेका पोरामुळे, जो आधीच कोर्टवर उतरून चमक दाखवत होता. शे ट्रेडच्या वेळी एक सीझन खेळून झाला होता, हॅलिबर्टन दुसऱ्या सीझनमध्ये होता. म्हणून स्टार विकताना मी आधी 'तो पोरगा कोण' हे विचारेन, पिक किती हे नंतर.

त्यातही हमी नाहीच. २००७ मध्ये मिनेसोटाने केव्हिन गार्नेट दिला तेव्हा त्यांना २२ वर्षांचा अल जेफरसन मिळाला होता. पोरगा खरंच चांगला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. बॉस्टन पहिल्याच वर्षी चॅम्पियन, आणि मिनेसोटाला प्लेऑफ दिसले ते थेट २०१८ मध्ये.

डॅलसचं उदाहरण देणाऱ्यांना मात्र हात जोडतो. २५ वर्षांचा लुका डॉन्चिच, आदल्याच वर्षी टीमला फायनलला नेलेला, आणि तो अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि फक्त एका पहिल्या फेरीच्या पिकवर दिला. बाजारात भाव काढलाच नाही. पुढे ड्राफ्टचा पहिला नंबर ठरवणाऱ्या सोडतीत १.८ टक्के शक्यता असताना लॉटरी लागली आणि त्या नंबरावर कूपर फ्लॅग हा पोरगा आला. लॉटरी लागली म्हणून सौदा शहाणपणाचा ठरत नाही. शिवाय लागली ती डॅलसच्या स्वतःच्या पिकवर. मिलवॉकीला तशी लॉटरी लागली तर बहुतेक वर्षी जल्लोष दुसऱ्याच गावात होईल.

आता दुसऱ्या तटाला एक सांगतो. 'स्टार विकला की टीम संपली' हे मिलवॉकीच्याच इतिहासात बसत नाही. १९७१ ची ट्रॉफी आणणाऱ्या करीम अब्दुल-जब्बारला त्यांनी जून १९७५ मध्ये लेकर्सला दिलं, कारण त्यालाच जायचं होतं. बदल्यात एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मेयर्स आणि ज्युनियर ब्रिजमन. करीमने लेकर्सकडे पाच ट्रॉफी जिंकल्या, म्हणजे व्यवहार हरलाच. पण १९७७ च्या ड्राफ्टला मिलवॉकीकडे पहिल्या फेरीचे तीन पिक होते, त्यातून मार्कस जॉन्सन आला. १९७९ ला सिडनी मॉन्क्रीफ. १९८० ते १९८६ सलग सात वर्षं ते आपल्या डिव्हिजनमध्ये पहिले होते. फायनल नाही गाठली, पण टीम बघण्यासारखी होती. तेव्हा ड्राफ्टच्या वाटा मोकळ्या होत्या, इतकाच फरक. बाकी, तो ब्रिजमन पुढे हॉटेलांच्या धंद्यात इतका श्रीमंत झाला की २०२४ मध्ये त्याने याच बक्सचा दहा टक्के हिस्सा विकत घेतला. मार्च २०२५ मध्ये तो वारला.

तर माझं मत. यानिस स्वतः म्हणत नाही तोवर विकू नका. पण तो म्हणाला तर एक दिवसही घालवू नका, कारण करार २०२७-२८ पर्यंतचा दिसत असला तरी शेवटचं वर्ष त्याच्या मर्जीवर आहे. म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात तो फुकट जाऊ शकतो. कराराची वर्षं कमी झाली की भाव कसा पडतो ते २०२५ च्या उन्हाळ्यात दिसलं. एकही ऑलस्टार मॅच न खेळलेल्या डेस्मंड बेनसाठी ऑरलँडोने पहिल्या फेरीचे चार पिक मोजले. त्याच्या करारात चार वर्षं शिल्लक होती. केव्हिन ड्युरँटच्या करारात एकच वर्ष उरलेलं, वय ३६, आणि ह्यूस्टनला तो पहिल्या फेरीच्या एका पिकमध्ये मिळाला, सोबत जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स आणि दुसऱ्या फेरीची चिल्लर. यानिसला कुठल्याही ट्रेडला नकार देण्याचा लेखी हक्क नाही, पण करार आखूड झाला की समोरची टीम आधी त्यालाच विचारते: राहणार आहेस ना? मग व्यवहार मिलवॉकीच्या हातात राहत नाही.

सॅन अँटोनिओचा फोन आला आणि स्टीफन कॅसल किंवा डिलन हार्पर टेबलावर असेल, तर मी बोलायला बसेन. पोरांचे पगार कमी असतात आणि यानिसचा २०२५-२६ चा ५४ मिलियनचा पगार जुळवायचा, तेव्हा सोबत जाड पगाराचे एक-दोन मध्यम खेळाडू गळ्यात घ्यावे लागतील, ते चालेल. पोर्टलँडचा फोन आला तर मात्र आधी मी आमचे २०२८, २०२९ आणि २०३० परत मागेन, आणि ते मिळेपर्यंत खेळाडूंची यादी उघडणारच नाही.