वयोश्रीचा अर्ज आणि उत्पन्नाचा आकडा

काका, मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये चष्मा, कानाचं यंत्र, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच मिळतात. वय ६५ पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. यात ‘कुटुंबाचं’ हा शब्द नीट वाचा, कारण पुष्कळ जण फक्त स्वतःची पेन्शन लिहून मोकळे होतात. काकूंची पेन्शन, शेतीचं उत्पन्न, वरच्या खोलीचं भाडं, ठेवीवरचं व्याज हे सगळं त्यात धरा. एकाच चुलीवर जेवणाऱ्या मुलाच्या पगाराचं मात्र अंदाजाने ठरवू नका. रेशनकार्ड घेऊन अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयात आधी विचारा.

पेन्शनची रक्कम पासबुकातल्या शिलकेवरून काढू नका. समजा पेन्शन ७,००० आहे आणि कर्जाचा हप्ता कापून हातात ४,५०० उरतात. तरी उत्पन्न ७,००० गुणिले १२, म्हणजे ८४,००० च. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हातातली रक्कम लिहिली, कागद जुळेनात, आणि त्या वयात त्यांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. अजून वाईट वाटतं.

उलट ठेव मोडून आलेलं मुद्दल हे तुमचेच साठवलेले पैसे, ते उत्पन्न नव्हे. त्यावरचं व्याज तेवढं उत्पन्न.

आणि गरजू वृद्धांना दरमहा पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची उत्पन्नाची मर्यादा वेगळी आहे, वर्षाला २१,००० रुपये. दोन्हींची गल्लत करू नका. उत्पन्न स्वतः लिहून द्यायच्या स्वयंघोषणापत्रावर सही करण्याआधी आकडा मला वाचून दाखवा, आपण एकत्र बेरीज करू.