एकाच तालुक्यातल्या दोन माध्यमिक शाळांच्या विज्ञानाच्या गुणांत एवढा फरक का पडतो?
मुख्य फरक पडतो तो विज्ञानाचा शिक्षक वर्षभर वर्गावर असतो का आणि प्रयोग मुलांच्या हातून होतात का, यावरून. मी धुळे जिल्ह्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. जागा रिकामी राहिली की भाषेचे शिक्षक तास घेतात, मग भिंगाच्या किरणाकृती आणि रासायनिक समीकरणं नुसती पाठ होतात. लिटमस स्वतः बुडवून पाहिलेलं पोरगं आम्ल-आम्लारी सहसा विसरत नाही! त्यात कापूस वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे तर घरात भिली नाहीतर पावरी बोली, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. तुलना मात्र दहावीच्या लेखी ८० गुणांचीच करा. उरलेले २० शाळा देते, ते बहुतेकांना भरभरून मिळतात.