आधी वजनकाटा, मग टायर

प्रश्न: आमची डबल कॅब पिकअप आहे. महिन्यातून एकदा तंबू, पाण्याचे कॅन आणि छोटा फ्रिज घेऊन आम्ही चौघं मुक्कामाला जातो. एरवी रोज कामावर जायला तीच गाडी. मूळचे टायर गुळगुळीत झालेत. माप 265/70 आर 17. मित्र म्हणतात, मड टायर टाक, एक माप मोठं घे आणि दहा-प्लायच घे. काय करू?

उत्तर: पहिले दोन सल्ले सोडून द्या. तिसऱ्याने मी स्वतः पोळलोय, म्हणून आधी तोच घेतो.

मी मोठ्या हौसेने दहा-प्लाय, म्हणजे जड ओझ्यासाठीचे जाड टायर घेतले. बाजूवर 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं होतं, तेवढी हवा ठासून भरली आणि निघालो. तो आकडा टायर पूर्ण क्षमतेचं ओझं वाहत असतानाचा, रोजच्या हवेचा नव्हे, एवढीही अक्कल तेव्हा नव्हती. खडीच्या रस्त्यावर गाडी अशी उडत होती की स्टोव्हचे स्क्रू सैल होऊन डब्यात सापडले. पुढे चारही टायर मधोमध झिजले आणि कडेची नक्षी मात्र जवळजवळ कोरी. टायर चांगलेच होते हो, माझ्या गाडीत त्यांच्याजोगं ओझंच नव्हतं.

‘दहा-प्लाय’ म्हणजे आत दहा थर असतात असंही नाही. ती ताकद सांगायची जुनी पद्धत आहे. आता टायरवर वर्गाचं अक्षर असतं: सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. तुम्हाला यातलं काय हवं, ते मित्र नव्हे, वजनकाटा सांगेल. माणसं, सामान, भरलेले कॅन (40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो!) सगळं घेऊन जा आणि पुढची-मागची चाकं वेगवेगळी तोला. मागचं वजन 1500 किलो भरलं, तर एका टायरवर साधारण 750 येतात. मापानंतर टायरवर भाराचा अंक असतो. 115 असेल तर 1215 किलो, 121 असेल तर 1450. गाडीच्या दारापाशी किंवा पुस्तिकेत जो अंक दिलाय त्याच्या खाली मात्र जाऊ नका. सी वर्गाच्या काही टायरांवर तो साध्या टायरपेक्षाही कमी असतो, तेवढं बघून घ्या.

ई वर्ग घ्यायचाच तर जाड साइडवॉलसाठी, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीसाठी घ्या. नक्षीतलं पंक्चर निघतं. साइडवॉल दगडाने फाटली की टायर गेला. वाट धारदार दगडांची असेल किंवा मागे ट्रेलर ओढत असाल, तर जडपणा आणि दणके सोसायला हरकत नाही. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे साधे ऑल-टेरेन पुरतील.

मड टायर चिखलात खरंच छान. पण तुमची गाडी महिन्यातले बहुतेक दिवस डांबरावर धावते. तिथे ते घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतात.

माप मोठं? 265/70 चा व्यास सुमारे 803 मिलिमीटर, 285/70 चा 831. स्पीडोमीटरचा काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी 103 च्या पुढे असेल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासेल का, स्टेपनी तिच्या जागेत मावेल का, हे प्रश्न आलेच. मूळ मापच ठेवा.

वाचलेल्या पैशांत चांगला प्रेशर गेज आणि पोर्टेबल कंप्रेसर घ्या. माझ्या मते नक्षीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. खडीवर हवा पाव भागाने उतरवली की टायर दगडाभोवती वाकतो, दणका गिळतो. मऊ वाळूत मी 18 पीएसआयपर्यंत येतो. मग मात्र वेग अगदी कमी आणि झटक्याने वळण नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबर लागलं की आधी हवा भरायची, चहा नंतर.

बर्फात जाणार असाल, तर तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह शोधा. ते चाचणीनंतरच मिळतं. नुसत्या एम अधिक एस (मड अँड स्नो) या अक्षरांना तशी चाचणी लागत नाही.

आणि घ्याल तर पाच घ्या. फोर-व्हीलमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं की गिअरवर ताण येतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक पाहा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: 1424 म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. जुन्या स्टेपनीवरचे अंकही एकदा वाचा. माझ्या स्टेपनीची नक्षी कोरी होती, वय अकरा वर्षं.