शांतिसेना नुसती बघत उभी राहते का?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नुसती बघत उभी असते, मग आपले जवान तिथे पाठवायचे कशाला? या विषयावर मी बरीच वर्षं वाचतो आहे. माझं स्पष्ट मत आहे की जवान पाठवावेत, पण पुरेशा बळानिशी. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशात काय झालं ते बघा.

तिथलं यादवी युद्ध थांबवायला जुलै १९९९ मध्ये लोमे (टोगोची राजधानी) इथे सरकार आणि बंडखोरांमध्ये करार झाला. आरयूएफ या बंडखोर संघटनेचा म्होरक्या फोडे सांकोह त्यामुळे थेट सत्तेत वाटेकरी झाला, वर देशातल्या हिऱ्यांचा कारभारही त्याच्याच हाती! हा माणूस करार पाळेल असं धरून ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांची ६,००० सैनिकांची मोहीम मंजूर झाली. नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची परवानगी त्या ठरावातच होती. बळ मात्र नव्हतं. काही देशांच्या तुकड्या तर अपुऱ्या शस्त्रांनिशी उतरल्या होत्या.

मे २००० मध्ये मकेनी गावच्या छावणीत काही बंडखोर आपल्या बंदुका शांतिसैनिकांकडे जमा करायला आले, तर ‘आमची माणसं परत द्या’ म्हणत आरयूएफवाले चालून आले. मग गोळीबार झाला, केनियाचे सैनिक मारले गेले आणि काही दिवसांतच सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस झाले. झांबियाच्या तुकडीच्या चिलखती गाड्याही बंडखोरांनी पळवल्या.

कैलाहून गावात आपल्या ५/८ गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या बंडखोरांच्या वेढ्यात अडकल्या. त्यांनी शस्त्रं टाकली नाहीत. अडीच महिन्यांनी, १५ जुलैला, भर पावसाळ्यात त्यांच्या सुटकेसाठी ऑपरेशन खुकरी झालं. ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरमधून जखमी आणि संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक बाहेर काढले आणि बाकीची फौज जंगलातल्या रस्त्याने लढत डारूच्या तळाकडे निघाली. आपला एक हवालदार त्यात गेला. याला बघत उभं राहणं कसं म्हणायचं?

त्याआधीच, मे महिन्यात, ब्रिटनने सैन्य उतरवलं होतं आणि सांकोह पकडला गेला होता; जुलैच्या सुरुवातीला चोरट्या हिऱ्यांवर बंदीही आली होती. पुढे मार्च २००१ मध्ये मोहिमेची मर्यादा १७,५०० वर गेली. तीच मोहीम, पण आता ७५,००० हून अधिक लोकांनी तिच्यापुढे शस्त्रं ठेवली. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं.

तोवर भारतीय तुकडी मात्र परतली होती. मोहिमेचे भारतीय सेनापती मेजर जनरल विजय जेटली यांचं मोहिमेतल्याच नायजेरियन अधिकाऱ्यांवर आरोप करणारं गोपनीय टिपण फुटलं, वाद पेटला आणि भारताने जवान माघारी बोलावले. ज्यांनी कैलाहूनचा वेढा फोडला, ते शस्त्रं जमा होताना तिथे नव्हते, ही गोष्ट मला फार लागते.