केबलचा रोध दिला असेल तर तारेची जाडी कशी काढायची? व्यास दुप्पट केला की रोध निम्मा होतो का?

नाही, चौथाई होतो. रोध = रोधकता (तो पदार्थ विजेला किती अडवतो याचं माप) × लांबी ÷ काटछेदाचे (तार आडवी कापल्यावर दिसणाऱ्या गोल तोंडाचे) क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. जाडी हवी असेल तर याच सूत्रातून आधी क्षेत्रफळ काढा, मग व्यास = √(४ × क्षेत्रफळ ÷ π).

समजा १० मीटर तांब्याच्या तारेचा रोध ०.१ ओहम आहे. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर क्षेत्रफळ १.७ × १०⁻⁶ चौ.मी. म्हणजे १.७ चौ.मिमी येतं, आणि व्यास साधारण १.५ मिमी. मार्क जातात ते बहुतेक एककात: १ चौ.मिमी म्हणजे १०⁻⁶ चौ.मी., १०⁻³ नव्हे. व्यास दिलेला असताना तोच त्रिज्या म्हणून घालणं हीसुद्धा नेहमीची चूक (उत्तर थेट चौपटीने हुकतं).

फक्त प्रश्न नीट वाचा. उपकरणापर्यंतचं अंतर दिलं असेल आणि केबलमध्ये जाणारी-येणारी अशा दोन तारा असतील, तर लांबी दुप्पट घ्यायची. तार ताणून लांब केली असेल तर ती बारीकही होते, म्हणून दुप्पट लांबीला रोध चौपट.