ग्राहकांचे प्रश्न : ‘इको-फ्रेंडली’ म्हणजे नेमके किती?

वस्तूंवर छापल्या जाणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी नागपूर आणि परिसरातील सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रांतील दुकानांची आणि कंपन्यांची नावे गाळली आहेत, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ती छापणे आम्हांला योग्य वाटत नाही.

प्रश्न : सीताबर्डीवरील साड्यांच्या एका दुकानात मला खरेदीसोबत कापडासारखी दिसणारी हिरवी थैली मिळाली. तिच्यावर ‘निसर्गाची मैत्रीण’ असे छापले होते आणि तिचे दहा रुपये बिलात वेगळे लावले होते. पुढच्या आठवड्यात मेडिकलमधून मिळालेल्या पातळ पन्नीवर ‘मी प्लास्टिक नाही’ असे इंग्रजीत लिहिलेले होते. या दोहोंपैकी कोणावर विश्वास ठेवावा?
— एक गृहिणी, प्रतापनगर

उत्तर : आपल्या वर्णनावरून साडीच्या दुकानातील थैली ‘नॉन-वोव्हन’ प्रकारची दिसते. ही थैली पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सरळ प्लास्टिकची असते. ती उजेडासमोर धरून पाहावी. कापडात उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. या थैलीत तंतू विणलेले नसून उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात आणि त्या दाबामुळे पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांची एकसारखी नक्षी उमटते. कडेची लहानशी चिंधी चिमट्यात धरून पेटवली (खिडकी उघडी ठेवून आणि मुलांना दूर ठेवून), तर सुती कापडाची राख होते आणि वास जळक्या कागदाचा येतो. ही चिंधी मात्र आक्रसून वितळते आणि तिच्या टोकाला कडक मणी तयार होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीवर पडून राहिलेली अशी थैली हात लावताच भुरभुरते, हे अनेकांनी पाहिले असेल. त्यावरून ती ‘मातीत मिसळते’ असा समज करून घेऊ नये, कारण उन्हाने तिचे फक्त तुकडे झालेले असतात आणि तुकडा कितीही बारीक झाला तरी तो प्लास्टिकचाच राहतो. केंद्राच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून या थैलीला दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली आहे, म्हणजे कायदाही तिला प्लास्टिकच समजतो. ‘निसर्गाची मैत्रीण’ हे नाते दुकानदाराने परस्पर जुळवलेले आहे.

मेडिकलच्या पन्नीची गोष्ट थोडी वेगळी आहे. मक्यासारख्या पिकांपासून मिळणारे घटक वापरून केलेल्या कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होऊ शकणाऱ्या, पिशव्या असतात आणि त्या नियमांत बसतात. मात्र त्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि पिशवीवर तसा उल्लेख असावा लागतो. त्यामुळे घोषवाक्याकडे दुर्लक्ष करून आधी उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक शोधावा. तो नसेल, तर दुकानदाराच्या शब्दाखेरीज आपल्या हाती काहीच उरत नाही. क्रमांक असला, तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पिशव्यांची चाचणी कंपोस्ट प्रकल्पातील परिस्थितीत, सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात होते आणि तेथे १८० दिवसांत त्यांचे किमान ९० टक्के जैविक विघटन व्हावे, अशी अपेक्षा असते. नाग नदीच्या पात्रात किंवा घरामागच्या नालीत असे तापमान आणि असा ओलावा सलग मिळत नाही, म्हणून तेथे पडलेली कंपोस्टेबल पिशवी दीर्घकाळ तशीच राहू शकते. पिशवीवर छापलेले खरे असूनही आपल्या हातून तिचे जे होणार आहे त्याला ते लागू पडत नाही, असा हा प्रकार आहे.

सुती पिशवी घ्यावी हे ओघानेच आले. पण नवी कोरी सुती पिशवीही फुकट पडत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, तापमानवाढीच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या साध्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. प्रत्येक समारंभात अक्षरे छापलेल्या सुती पिशव्या वाटणाऱ्या आयोजकांनी हा आकडा पाहावा. घरातील जुन्या साडीची शिवलेली थैली असेल, तर हा हिशेब मुळात लागू होत नाही, कारण ते कापड आधीच तयार झालेले असते.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत ‘शून्य प्रदूषण’ असे म्हणतात. आमच्या घरून तर कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. हा दावा खोटा मानावा का?
— एक निवृत्त शिक्षक, मानकापूर

उत्तर : स्कूटरमधून धूर निघत नाही, एवढ्यापुरता दावा खरा आहे आणि सीताबर्डीच्या चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसांना त्याचा खराखुरा फायदा होतो. ‘शून्य’ हा शब्द मात्र पूर्ण प्रवासाला लावला की दावा कोसळतो, कारण आपल्या घरी येणारी वीज मुख्यत्वे कोळशाची आहे. हिशेब फारसा अवघड नाही. देशाच्या विजेमागे दर युनिटला सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्कूटरला १०० किलोमीटरसाठी चार्जिंगमधील गळती धरून साधारण ३ युनिट लागले, तर सुमारे २ किलो झाला. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतरात सव्वादोन लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते आणि दर लिटरमागे सुमारे २.३ किलो, म्हणजे एकूण पाच किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड सोडते. बॅटरी तयार करतानाचे उत्सर्जन या हिशेबात धरलेले नाही. तरीही वापरातील तफावत निम्म्याहून जास्त आहे. कंपनीने ‘चालवताना धूर नाही आणि कोळशाच्या विजेवरही उत्सर्जन निम्म्याहून कमी’ असे लिहिले असते, तर आम्ही ती जाहिरात वाखाणली असती. खरा फायदा हाताशी असताना जाहिरात लिहिणाऱ्यांना शून्याचा मोह का आवरत नाही, हे कोडे आहे.

फसवणूक कशी असते ते पाहायचे असेल, तर ‘क्लीन डिझेल’ म्हणून गाड्या विकणाऱ्या फोक्सवॅगनचे प्रकरण पाहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघड केले. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारे सॉफ्टवेअर त्या गाड्यांत बसवलेले होते आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते असल्याचे कंपनीनेच नंतर मान्य केले. स्कूटरच्या जाहिरातीतील अतिशयोक्ती आणि हा प्रकार एकाच पारड्यात घालू नये.

प्रश्न : आमच्या मंडळाला चितारओळीतील एका विक्रेत्याने ‘इको-फ्रेंडली पीओपी’ची मूर्ती देऊ केली. रंग नैसर्गिक आहेत, असे त्याचे म्हणणे आहे. मातीच्या मूर्तीपेक्षा ती हलकी आणि स्वस्तही आहे. घ्यावी का?
— एका गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, महाल

उत्तर : रंग नैसर्गिक असतीलही, पण वस्तूच्या एका भागाचा गुण उचलून तो सगळ्या वस्तूला चिकटवणे ही दिशाभूल करण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत चालणारी तऱ्हा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम भाजून केलेली पूड. पाणी मिळताच ती घट्ट होते आणि एकदा घट्ट झालेली मूर्ती पाण्यात शाडूसारखी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना विरोध करून नैसर्गिक, विघटन होणाऱ्या मातीच्या मूर्तींचा आग्रह धरलेला आहे. हलकेपणाचा आपण गुण म्हणून उल्लेख केला आहे. खरे तर पीओपीची मूर्ती ओळखण्याची तीच खूण आहे. मूर्तीच्या तळाशी, जेथे रंग दिलेला नसतो, तेथे ओले बोट घासून पाहावे. शाडू लगेच बोटाला लागतो आणि चिकट होतो. मूर्ती मोठी हवी म्हणून पीओपी, हा मंडळांचा नेहमीचा युक्तिवाद आहे. त्यावर मूर्तीची उंची कमी करणे हाच आम्हांला दिसणारा सरळ मार्ग आहे.

प्रश्न : ‘ग्रीन’ फटाके म्हणजे धूर नसलेले फटाके का?
— एक विद्यार्थिनी, सदर

उत्तर : नाही. या फटाक्यांचे सूत्र आपल्या शहरातील नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले आहे आणि नेहमीच्या फटाक्यांच्या तुलनेत धूलिकणांचे उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी कमी, एवढाच त्याचा दावा आहे. उरलेला धूर निघतोच, त्यामुळे दुप्पट फटाके उडवले तर बचत संपून वर भर पडते. वेष्टनावर नीरीचे चिन्ह आणि क्यूआर कोड असतो; नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून कोड संस्थेच्या अ‍ॅपवर तपासून घ्यावा.

प्रश्न : आमचा महिला बचत गट हाताने साबण तयार करतो. लेबल छापणाऱ्याने ‘१०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री, इको-फ्रेंडली’ असे लिहून नमुना दिला. सगळेच असे लिहितात, असे त्याचे म्हणणे आहे. आम्ही छोटे लोक आहोत. अशा दाव्यांबद्दलचे नियम आम्हांलाही लागू होतात का?
— एका बचत गटाच्या अध्यक्षा, हिंगणा

उत्तर : ताई, लेबल छापण्याआधी विचारलेत, हे फार बरे झाले. नियम लागू होतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे वडीवरचा कागदही कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच ठरतो. त्याच अधिनियमाखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘शाश्वत’, ‘कार्बन न्यूट्रल’ यांसारखे मोघम शब्द पुरेसा खुलासा आणि पुरावा दिल्याशिवाय वापरू नयेत, दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे की वेष्टनाबद्दल की उत्पादनप्रक्रियेबद्दल हे स्पष्ट करावे आणि खुलासा जाहिरातीतच किंवा क्यूआर कोड अथवा संकेतस्थळाच्या पत्त्याद्वारे ग्राहकाला सहज मिळावा, असा त्यांचा आशय आहे. ‘कंपोस्टेबल’, ‘पुनर्वापरयोग्य’, ‘अमुक-मुक्त’ अशा नेमक्या दाव्यांना विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी यांचा आधार लागतो. फसव्या जाहिरातीसाठी अधिनियमात पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या आकड्यांनी आपण घाबरून जावे असे नाही, पण ‘सगळेच लिहितात’ हा बचाव चालणार नाही.

आता आपल्या लेबलातील तीन शब्द पाहू. आपण तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळून साबण करत असाल, तर ‘केमिकल-फ्री’ हा शब्द लागलीच पुसून टाकावा. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या तेलाशी होणाऱ्या अभिक्रियेतूनच साबण बनतो आणि त्याच्याशिवाय आपल्या साच्यात नुसते तेल राहील. बाजारातून तयार सोप बेस आणून वितळवत असाल, तर ही प्रक्रिया कारखान्यात आधीच झालेली असते, एवढाच फरक. ‘१०० टक्के’ हे शब्दही सुगंध आणि रंग कोठून आणता यावर अवलंबून आहेत; त्यांच्या बाटल्यांवरील मजकूर एकदा नीट वाचावा. ‘इको-फ्रेंडली’ला तर धरायला टोकच नाही.

‘मुक्त’ या जातीच्या दाव्यांत आणखी एक खोच आहे. काही सुगंधी फवाऱ्यांवर अजूनही ‘सीएफसी-मुक्त’ असे अभिमानाने लिहिलेले असते. ओझोन थराला घातक असलेली ही रसायने १९८७ च्या माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि भारतात २०१० पर्यंत अशा वापरासाठी त्यांचे उत्पादन थांबले. जे कोणालाच वापरता येत नाही ते आम्ही वापरत नाही, असे सांगण्यात कर्तबगारी कसली? तुलनेचेही तसेच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या मार्गदर्शिकेत एका गालिच्याचे उदाहरण दिले आहे : पुनर्वापरातील धाग्याचे प्रमाण २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर नेले आणि लेबलावर ‘५० टक्के अधिक’ असे लिहिले. गणित बिनचूक आहे आणि ग्राहक तरीही फसतो.

मग काय लिहावे? जे आपण खरोखर करता ते. उदाहरणार्थ : ‘खोबरेल तेलापासून हाताने बनवलेला साबण. वेष्टनात प्लास्टिक नाही.’ वेष्टन पुनर्वापरातील कागदाचे असेल, तर कागद पुरवणाऱ्याकडून तसे लेखी घेऊन ते फाइलला लावावे आणि मगच छापावे. (आंघोळीच्या साबणाला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो; तो विषय वेगळा असला, तरी विसरू नये.) असे लेबल रुक्ष दिसेल ही आपली शंका असेल, तर आमचा अनुभव उलट आहे : गोकुळपेठेच्या बाजारात चार वड्या हाताळून पाहणारी ग्राहक बाई ‘यात काय काय आहे?’ हेच आधी विचारते.

प्रश्न : फसवा दावा दिसला तर तक्रार कोठे करावी? पाकिटावर नुसते हिरवे पान छापले असेल तरी करता येते का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी नुसती रंगसंगती, सर्वसाधारण चित्रे आणि उघड उघड कळणारी अतिशयोक्ती यांना, त्यांतून दिशाभूल होत नसेल तोपर्यंत, मोकळीक दिली आहे. कोणत्याही विशिष्ट उत्पादनाशी न जोडलेले कंपनीचे ध्येयवाक्यही त्यांच्या कक्षेबाहेर आहे. ही मोकळीक आम्हांला जरा सैल वाटते, कारण दुकानात हात आधी पानाच्या चित्राकडे जातो. पण आजचा नियम तसा आहे. त्यामुळे केवळ पानावर तक्रार टिकणे कठीण, मात्र पानाशेजारी ‘पर्यावरणपूरक’ असे लिहून पुढे कोठेही खुलासा नसेल, तर टिकण्याजोगी बाब तयार होते.

प्रथम कंपनीला लेखी विचारावे : दावा कशाबद्दल आहे, कशाच्या तुलनेत आहे आणि तपासला कोणी? उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जाहिरातींपुरती तक्रार भारतीय जाहिरात मानक परिषदेकडेही करता येते. पर्यावरणविषयक दाव्यांसाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. अनेक ग्राहकांची दिशाभूल होत असेल, तर अधिनियमाच्या कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात तक्रार देता येते. स्वतःचे पैसे परत हवे असतील, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तेथे शुल्क लागत नाही. बिल, वेष्टनाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे आणि जाहिरातीचा दिनांकासह स्क्रीनशॉट जपून ठेवावा, आणि तक्रारीत दाव्याचा मजकूर आपल्या शब्दांत न सांगता छापला आहे तसाच्या तसा उतरवून द्यावा.