पाहुण्यांसाठी ॲप बनवताय? आधी रांगेचं बघा

कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांना दारावर क्यूआर कोड स्कॅन करून आत सोडणारं ॲप ही कल्पना चांगली आहे, पण फीचर्सची यादी तूर्तास बाजूला ठेवा. आधी दारावरची रांग पटकन सरकायला हवी.

- पाहुण्याला ॲप डाउनलोड करायला लावू नका. एका संध्याकाळसाठी कोण करतंय? लिंक आणि क्यूआर कोड पुरे.
- गर्दी वाढली की नेटवर्क हमखास मान टाकतं. पाहुण्यांची यादी स्कॅन करणाऱ्याच्या फोनमध्ये आधीच उतरवलेली हवी. पाहुण्यांपैकी कोणाची स्क्रीन तडकलेली, कोणाचा ब्राइटनेस कमी, कोणाची बॅटरी संपलेली. कोड स्कॅन होत नाही तेव्हा यादीत नावाने शोधायची सोय हवीच हवी.
- पैसे बहुतेक वेळा आयोजक देतो. त्याला 'अनुभव' विकू नका, दारावर किती माणसं कमी लागतील ते दाखवा. (कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात भेटायला जाऊ नका, तेव्हा तो कोणाचंच ऐकत नसतो.)

एआय वगैरे नंतर बघू. पहिला कार्यक्रम छोटा घ्या आणि स्कॅनिंगला स्वतः उभे राहा. अडलं तर विचारा.